दर्या, कासवं आणि गार झालेला लाव्हा

बाईंना विचारा : वाचकांची पत्रं आणि गोव्याहून उत्तरं

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पत्रांचा गठ्ठा जाड होतो. पेडणे तालुक्यातल्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे गोव्याला येणाऱ्या माणसाला स्वस्त हॉटेलापेक्षा भरती-ओहोटीची वेळ सांगण्यात मला जास्त आनंद होतो. हॉटेलांचे दर विचारणाऱ्यांनी राग मानू नये.

माझा मुलगा पाचवीत आहे. त्याने टीव्हीवर एक देश पाहिला. पुढे समुद्र, मागे जंगल, त्याच्याही मागे धूर ओकणारा डोंगर. तेव्हापासून “मला असंच ठिकाण दाखव” म्हणून हट्ट धरून बसलाय. परदेश आम्हाला परवडणार नाही. दिवाळीत पाच दिवस गोव्याला येतोय. समुद्र आणि जंगल मिळेल, पण ज्वालामुखीचं काय सांगू? (एक आई, कोल्हापूर)

ताई, ज्वालामुखीची सुरुवात तुमच्या गावापासूनच करा. निघायच्या आदल्या दिवशी मुलाला अंबाबाईच्या देवळात न्या आणि भिंतीच्या काळ्या दगडावर तळहात ठेवायला सांगा. हा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच दगड जमिनीच्या भेगांतून लालभडक रस होऊन वर आला, पसरला, थिजला, त्याच्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. एका डोंगराच्या तोंडातून आलेला हा लाव्हा नव्हे, लांबच लांब भेगा उलल्या आणि त्यांतून तो वाहत राहिला. आजही दख्खनचा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भाग त्याच्याखाली झाकलेला आहे. डायनोसॉर नाहीसे झाले तेही याच सुमारास. हे सांगितलंत की पाचवीतला मुलगा पुढचा तासभर दुसरं काही बोलणार नाही.

पन्हाळ्याजवळ बांदिवड्याला खांबांसारखा उभा बेसाल्ट आहे, तोही वाटल्यास दाखवा. लाव्हा सावकाश गार झाला की आकसतो आणि आकसताना पाच-सहा बाजूंच्या खांबांत तडकतो. उन्हाळ्यात तळ्याचा तळ वाळून चिखलाच्या खपल्या होतात ना, तसंच हे, फक्त तडा खोलवर उभा जातो.

मग आंबोलीमार्गे या. घाट उतरताना मुलाला खिडकीशी बसवा. समोरच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतील. एक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एक लोट किंवा काही लोट. इंग्रज भूशास्त्रज्ञांनी या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटलं. स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून ते नाव आलंय. चहाला थांबाल तिथे रस्त्याकडेचा एखादा काळा दगड उचलून द्या. मसुराच्या, मुगाच्या दाण्याएवढी भोकं दिसली तर ते लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे. रस थिजला, वायू उडून गेला आणि भोक मागे राहिलं. काही भोकांत पांढरे स्फटिक बसलेले असतात. वर्गात मी असा दगड आणि भिंग फिरवायला दिलं की शेवटच्या बाकापर्यंत पोचायला अर्धा तास लागायचा. प्रत्येकाला तो स्वतःच्या डोळ्याशी हवा असायचा. तुम्हीही एक साधं भिंग घेऊन या.

घाट उतरून गोव्यात शिरलात की दगडाचा रंग बदलतो. इथला जांभा लाल. आम्ही त्याचे चिरे काढतो आणि घरं बांधतो. पाऊस आणि उष्णतेने मूळ खडक कुजून, त्यातलं लोह वर राहून हा दगड होतो. त्याच्याखाली गोव्याचे खरे जुने खडक आहेत, दोन-अडीच अब्ज वर्षांहूनही जुने. दख्खनचा लाव्हा गोव्याच्या ईशान्य कडेला, सत्तरी तालुक्यातल्या सुर्ल्याच्या डोंगरापर्यंत येऊन थांबतो. पण गोव्यातल्या जुन्या खडकांना चिरत वर आलेल्या काळ्या दगडाच्या भिंती भूशास्त्रज्ञांना सापडल्या आहेत. त्यांना डाइक म्हणतात. त्यांचं वय निघालं सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षं. म्हणजे ज्या वाटांनी रस वर चढत होता, त्या वाटाच तिथे थिजून राहिल्या. मुलाला सांगा, घरी आपण भात पाहिला, इथे चूल पाहतोय.

आता पाच दिवसांचं. कळंगुट, बागा, पणजी, जुनं गोवं, दूधसागर, पाळोळें अशी यादी तुमच्या पत्राच्या मागे लिहिलेली दिसते. त्यातलं निम्म्याहून जास्त खोडा. मुलाला प्राणी पाहायचे असतील तर गाडीतला वेळ कमी करावाच लागेल. थेट काणकोणला जा आणि तीन रात्री एकाच जागी राहा, आगोंद किंवा पाळोळ्याला. तिथून खोतीगावचं अभयारण्य जवळ. साधारण ८६ चौरस किलोमीटरचं. तिथे झाडावर बांधलेलं मचाण आहे. उजाडताच तिथे असा, नऊनंतर जाऊन उपयोग नाही. वाघ दिसेल असं मुलाला सांगू नका. शेकरू दिसेल, वानरं दिसतील, नशीब असेल तर गवा दिसेल. गवा गोव्याचा राज्यप्राणी, शेकरू महाराष्ट्राचा. तासभर गप्प बसायचं. पहिली वीस मिनिटं जंगल रिकामं वाटतं, कारण आपण आलेलो सगळ्यांना कळलेलं असतं. त्यानंतर फांद्या हलायला लागतात.

चौथ्या दिवशी अंगात उत्साह असेल तर कोकण रेल्वेने उडुपीला जा. काणकोणला मोजक्याच गाड्या थांबतात, मडगावहून पकडलेली बरी. उडुपीजवळच्या मलपे बंदरातून सेंट मेरी बेटांवर बोट जाते. पावसाळ्यात ती बंद असते, म्हणून निघण्याआधी सुरू झाली का विचारा. या बेटांवर समुद्राच्या कडेने खांबच खांब उभे आहेत, तुमच्या बांदिवड्यासारखे, पण लाटा त्यांच्या पायाशी फुटतात. वय सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षं. म्हणजे दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा जुने. मादागास्कर भारतापासून तुटत होतं तेव्हाचे. समुद्र, खडक आणि ज्वालामुखी, तिन्ही एका फोटोत येतील. धूर मात्र नसेल. मुलाला तेवढं आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे पोचल्यावर हिरमुसणार नाही.

नेत्रावळीच्या तळीत सतत बुडबुडे येतात. खाली ज्वालामुखी आहे असं आमच्या ड्रायव्हरने सांगितलं. खरं का? (सांगली)

नाही. गोपीनाथाच्या देवळाची ती तळी, बुडबुड्यांची तळी. पायऱ्या उतरा आणि पाण्यात हात घाला, पाणी थंड लागतं. तळाच्या गाळातून वायू साखळीसारखा वर येतो. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात असं म्हणतात, आणि माझ्या चाळीस मुलांनी एकदम टाळ्या वाजवल्या तेव्हा सगळ्यांनी वाढले असंच शपथेवर सांगितलं. लाव्ह्याचा त्याच्याशी संबंध नाही. कोकणात राजापूर, उन्हवरे इथे गरम पाण्याची कुंडं आहेत, तिथेही खाली पेटलेला डोंगर नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. तळीत पाय सोडून बसा, बारीक मासे येऊन कुरतडतात. साबण, शाम्पू लावून उतरू नका.

मोरजीला कासवांची अंडी फुटताना पाहायची आहेत. आम्ही सहा मित्र आहोत, कॅमेरे चांगले आहेत. कुठल्या तारखेला यावं? (सोलापूर)

तारीख मी देऊ शकत नाही, कारण ती कासवीण ठरवते. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वाळूवर चढतात. मोरजीचा तेंबवाडा, मांद्रें, आगोंद आणि गालजीबाग ही गोव्यातली त्यांची ठिकाणं. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला सात-आठ आठवडे लागतात. तेव्हा पिल्लांसाठी फेब्रुवारी-मार्च बरा. आलात तर दोन-तीन रात्री हातात ठेवून या आणि पहिल्यांदा वनखात्याच्या झोपडीत जाऊन तिथल्या रखवालदारांना भेटा. बहुतेक जण मोरजीचेच असतात. ते जे सांगतील ते ऐका.

मी एकदा मादी अंडी घालताना पाहिली, तेही रखवालदाराने बोट ओठांवर ठेवून बोलावलं म्हणून. आम्ही तिच्या मागच्या बाजूला, दहा हातांवर, वाळूवर पोटावर पडून होतो. वल्ह्यांसारख्या मागच्या दोन पायांनी ती खड्डा करत होती. एक वल्हं वाळू भरून काढायचं, ती वाळू अलगद बाजूला ठेवायचं, मग दुसरं. पाण्याचा माठ रुतवायला खड्डा करावा तसा तो खड्डा, वर अरुंद आणि खाली रुंद. मग अंडी पडायला लागली, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, ओलसर, दोन-दोन, तीन-तीन. कवच कडक नसतं, चामड्यासारखं असतं, म्हणून पडताना फुटत नाही. साधारण शंभराच्या आसपास अंडी असतात. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, “रडता गो ती.” ते अंगातलं जादा मीठ बाहेर टाकणं असतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी त्या क्षणी मी काही बोलले नाही. शेवटी खड्डा बुजवून तिने सगळं अंग डावी-उजवीकडे झुलवत वाळू धोपटायला सुरुवात केली. धप, धप, धप. आवाज कानांना कमी आणि पोटाखालच्या वाळूतून जास्त येत होता. मग ती वळली आणि एकदाही मागे न पाहता पाण्यात गेली. सगळं मिळून तास-दीड तास लागला असेल.

आता तुमच्या कॅमेऱ्यांविषयी. फ्लॅश नाही. बॅटरी नाही. मोबाईलची टॉर्चसुद्धा नाही. रात्री समुद्रावर उजेड जास्त असतो आणि पिल्लू उजेडाकडे चालतं, एवढंच त्याला कळतं. मी एका वर्षी पहाटे पाहिलं, घरट्यापासून निघालेल्या पावलांच्या रेषा, शिलाईच्या मशीनची टीप असावी तशा बारीक, समुद्राकडे जायच्या त्या एका शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळीच्या, दिव्याखाली जाऊन संपल्या होत्या. पुढचं लिहवत नाही. म्हणून तुम्ही राहाल तिथल्या मालकाला रात्री समुद्राकडचे दिवे बंद करायला सांगा. गिऱ्हाइकाने सांगितलं की तो ऐकतो, मी सांगितलं तर ऐकत नाही. वाळूत खेळायला खड्डे केलेत तर उठताना बुजवा, तळहातात मावणारं पिल्लू त्यात पडलं की वर येऊ शकत नाही. आणि पिल्लाला उचलून पाण्यात “मदत” करू नका. वाळूवरून चालणं त्याच्या कामाचं आहे.

एक गोष्ट लपवत नाही. माझ्या लहानपणी ही अंडी बाजारात यायची आणि आमच्या घरीही शिजली आहेत. वडिलांना फार आवडायची. १९७२च्या कायद्याने ती बंद झाली, पण गावात खरा फरक पडला तो नव्वदीच्या दशकात, जेव्हा गावचीच माणसं राखण करायला बसली. ज्यांचे वडील अंडी काढायला जायचे, ते आज घरट्याभोवती जाळी लावतात. तुम्ही त्यांच्याशी दोन शब्द बोललात तर तुमच्या फोटोंपेक्षा ते जास्त दिवस आठवणीत राहतील.

जूनमध्ये हॉटेलं निम्म्या दरात मिळतात. तेव्हा मुलांना घेऊन समुद्रात पोहायला आलो तर? (लातूर)

गोव्याला या, पावसातलं गोवं मला सगळ्यात आवडतं. समुद्रात उतरू नका. जून ते सप्टेंबर पोहायला मनाई असते आणि ती योग्य आहे.

इतर महिन्यांतही एक गोष्ट शिकून या, ती म्हणजे ओढ. किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाताना एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत खेचलं जातं. हा पट्टा ओळखायला फसवा असतो, कारण तिथे लाटा कमी फुटतात. पाणी काळसर आणि शांत दिसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. आमच्या एका सहलीत आठवीतला एक मुलगा असाच गुडघाभर पाण्यात उभा होता. मी हजेरीच्या वहीत पाहिलं आणि मान वर केली तेवढ्यात तो छातीभर पाण्यात, आणि मग फक्त हात. शेजारीच रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं होती. त्यांतला एक जण दोर कमरेला बांधून सरळ त्याच ओढीत शिरला, तिच्याच बरोबर आत गेला, मुलाला धरलं आणि बाकीच्यांनी दोघांना रापणीसारखं ओढून काढलं. मुलगा वाचला. आज तो दोन मुलांचा बाप आहे. माझे हात मात्र आठवडाभर थरथरत होते.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडता येतं. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरा. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा ती तुमच्यासाठीच असते.

पाऊस संपता संपता जेलीफिश येतात, आमचे रापणकार त्यांना झार म्हणतात. डसली तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू उघड्या हाताने न धरता काढा, मग सोसेल एवढ्या गरम पाण्यात तो भाग धरा. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट डॉक्टर.

आम्ही दोघं निवृत्त झालो. एकदा मोठा प्रवास करायचा आहे. कोस्टा रिका की बाली? समुद्र, जनावरं आणि जिवंत ज्वालामुखी हवा. (नाशिक)

दोन्हींकडे मी गेलेली नाही, हे आधी सांगते. कोस्टा रिका मी नकाशावर शिकवला आणि माझा एक विद्यार्थी तारवटी आहे. जहाज पुंतारेनासला लागलं की तो मला फोटो पाठवतो. हा देश मला मनापासून आवडतो. १९४८ साली गृहयुद्ध संपल्यावर त्यांनी सैन्यच मोडून टाकलं. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा, तो देश त्याच्या जवळजवळ चौदा पट. एका बाजूला पॅसिफिक, दुसरीकडे कॅरिबियन, आणि मधोमध ज्वालामुखींची रांग. कोकोस नावाचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो, खोल गेल्यावर वरचा खडक वितळतो आणि रस वर येतो. दख्खनपेक्षा ही वेगळी चूल आहे, आणि ती अजून पेटलेली आहे.

आरेनाल हा तिथला सगळ्यात प्रसिद्ध डोंगर. कित्येक शतकं तो झोपलेला होता. २९ जुलै १९६८ रोजी फुटला, गावं गाडली गेली, ८७ माणसं गेली. त्यानंतर २०१०पर्यंत तो धुमसत होता. आता शांत आहे. रात्री लाल लाव्हा ओघळताना दिसेल या आशेने जाल तर निराश व्हाल. जुन्या पोस्टकार्डांवर अजून तेच चित्र असतं. पायथ्याच्या ला फोर्तूनाला गरम पाण्याचे झरे आहेत, गुडघे शेकायला छान. धूर पाहायचा तर पोआस. त्याच्या तोंडाच्या कडेपर्यंत जाता येतं, पण वेळ आधी नोंदवावी लागते आणि वायू वाढला की उद्यान बंद करतात. इराझू ३,४३२ मीटर उंच आहे, तिथे थंडी वाजते, स्वेटर न्या.

जनावरांसाठी मान्वेल आंतोनियो उद्यान सोपं, माकडं आणि स्लॉथ दिसतात, पण गर्दी असते. तोर्तुगेरोला जुलै ते ऑक्टोबर हिरवी कासवं येतात. आणि ओस्तियोनालला येते ती आमचीच ऑलिव्ह रिडले. मोरजीला एकेकटी येणारी तिथे हजारोंनी एकदम येते, जशी ओडिशाच्या किनाऱ्यावर येते. तिथल्या गावकऱ्यांना पहिल्या एक-दोन दिवसांची अंडी काढायची कायद्याने मुभा आहे, कारण मागून येणाऱ्या माद्या तीच घरटी उकरून फोडतात. बदल्यात गाव किनारा राखतो. मोरजीत खायला एकही अंडं काढायचं नाही आणि तिथे काही काढायची, दोन्हीकडे राखण गावाचीच. माझ्या मनाला हे फार पटतं.

तरी तुम्हाला मी बाली सुचवेन. कोस्टा रिकाला आपल्याकडून थेट विमान नाही, दोन विमानं बदलत दीड-दोन दिवस जातात आणि स्पॅनिश लागते. बालीला गुनुंग बातूर हा ज्वालामुखी १,७१७ मीटरचा, पहाटे वाटाड्याबरोबर दोनेक तासांत चढता येतो. गुडघे नको म्हणाले तर समोरच्या किंतामणीच्या कडेवर चहा घेत पूर्ण डोंगर, त्याखालचं तळं आणि काळा लाव्हा पाहता येतो. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे महिने. पश्चिम टोकाच्या राष्ट्रीय उद्यानात पांढरी बाली मैना आहे, तिला जरूर शोधा. बालीतला दुसरा ज्वालामुखी, आगुंग, मात्र गमतीत घेऊ नका. १९६३ साली त्याने हजाराहून जास्त बळी घेतले, आणि नोव्हेंबर २०१७मध्ये राखेमुळे विमानतळ बंद पडून हजारो प्रवासी अडकले. परतीच्या तिकिटानंतरचे दोन दिवस मोकळे ठेवा, औषधं तेवढी जादा न्या, विमा काढा.

भारतातलाच जिवंत ज्वालामुखी हवा म्हणाल तर अंदमानातलं बॅरन बेट. १७८७ साली तो फुटल्याची नोंद आहे, मग दीर्घ झोप, आणि १९९१पासून तो पुन्हा जागा आहे. तिथे वस्ती नाही, उतरता येत नाही, बोटीतून लांबून पाहायचं. बाराटांगला दाखवतात तो चिखलाचा ज्वालामुखी, थंड चिखल बुडबुडतो. तिकडचा रस्ता जारवा लोकांच्या जंगलातून जातो. त्या माणसांना खिडकीतून पाहायला म्हणून कुणीही जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मे महिन्यात सत्तरीतल्या झऱ्यांवर जायचा बेत आहे. काही काळजी? (बेळगाव)

गोचीड. सत्तरीत २०१५मध्ये गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले. जानेवारी ते मे हा त्याचा काळ. पूर्ण बाह्या, लांब पॅंट, पायमोजे, पाचोळ्यात बसणं नको. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना सत्तरीला गेलो होतो हे आठवणीने सांगा. शिवाय मे महिन्यात बरेचसे झरे आटलेले असतात. ऑक्टोबर बरा.

सासूबाई ७८ वर्षांच्या, चालणं कमी. त्यांना मगर पाहायची फार हौस आहे. गोव्यात मगरी आहेत म्हणतात. (पुणे)

आहेत, आणि तुमच्या सासूबाईंची हौस मला फार आवडली. मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे, तिथे मगरी राहतात. पाणी निमखारं, तरी त्यांनी ते मानून घेतलंय. हिवाळ्यात सकाळी ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा त्या उन्हात पडलेल्या असतात. होडीवाल्याने मांस टाकून त्यांना बोलावलं तर त्याला थांबवा आणि पैसे देऊ नका.

आमच्याकडे मगरीला मानगे म्हणतात. पौष अमावस्येला दुर्भाट, बोरी, आडपई या गावांत शेतकरी खाजनाच्या कडेला चिखलाची मगर करतात आणि तिची पूजा करतात. या पूजेला मानगे थापणी म्हणतात. खाजन म्हणजे खाडीला बांध घालून कमावलेलं शेत. बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि काही वर्षं भात होत नाही. त्या बांधाची राखण या मगरीकडे. मी दुर्भाटला पाहिली तेव्हा एक म्हातारा ओल्या चिखलाच्या पाठीवर तिसऱ्या नावाच्या खाडीतल्या शिंपल्या एकेक दाबून बसवत होता, खवल्यांसाठी. घाई अजिबात नव्हती. डोळ्यांसाठी त्याने दोन सारख्या शिंपल्या आधीच खिशात जपून ठेवल्या होत्या. सासूबाईंना जानेवारीत आणता आलं तर या पूजेला आणा, खुर्ची कुणीही देईल. आधी गावात विचारून या आणि पूजा संपेपर्यंत कॅमेरा खाली ठेवा.

दुसरं म्हणजे चोडण. रायबंदरहून फेरीबोट लागते, गाडीसकट पलीकडे जाता येतं, त्यांना उतरावंही लागणार नाही. पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य, अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. लहान होडी झाडांच्या बोगद्यातून नेतात. खंड्या दिसतील, बगळे दिसतील, चिखलावर उड्या मारणारे मासे दिसतील. पाठीला उशी आणि डोक्याला टोपी घ्या. भरती असेल तेव्हाच होडी आतल्या ओहोळांत शिरते, म्हणून वेळ आदल्या संध्याकाळी होडीवाल्याला विचारून ठेवा. तो सहा म्हणाला तर साडेपाचला फेरीवर असा.